गणपतीच्या दूर्वा आणि शेजारच्या आजींची क्वेके



गणपती जवळ आले की आपल्या मंडळींचे फोन सुरू होतात. उकडीच्या मोदकांची पिठी फ्रँकफुर्टच्या कुठल्या दुकानात मिळाली, पेटी कोण आणणार, झांजा कुणाकडे राहिल्या आहेत, आणि सरतेशेवटी हमखास एक प्रश्न: "दूर्वांचं काय केलंत?" मूर्ती माळ्यावरून निघते, पिठी मिळते, पण दूर्वांशी येऊन गाडी अडते.

बाड हॉम्बुर्गला राहायला आल्यापासून आम्ही हा प्रश्न सोपा करून टाकला होता. घरामागच्या कुंपणाशी वाढलेले लांबट, हिरवेगार गवत खुडायचे, एकवीस काड्यांची जुडी बांधायची आणि बाप्पाला वाहायची. मुलांनाही तेच शिकवले. गेल्या वर्षी आई वाईहून आल्या होत्या. पूजेचे तबक पाहून त्या म्हणाल्या, "अगं, ही दूर्वा नव्हे. दुसरंच कसलं तरी गवत आहे हे."

आम्ही जरा खट्टू झालो. इतकी वर्षे बाप्पाने गोड मानून घेतले असेल, पण मुलांना चुकीचे गवत दूर्वा म्हणून दाखवले, हे मनाला लागले. आईंनी मात्र तोडगा लगेच काढला. "जे मिळत नाही त्याच्या जागी अक्षता वाहायच्या. शास्त्रात सोय आहे. पण एकाच्या नावावर दुसरंच खपवायचं नाही." त्या वर्षी अक्षता वाहिल्या, आरती झाली, मोदक झाले. पण मग आपण एवढी वर्षे वाहत होतो ते गवत कोणते? त्या प्रश्नाच्या मागे लागून जे कळले, ते आपल्या सगळ्यांच्या उपयोगाचे आहे, म्हणून हा लेख.

ओमा आणि आई

आमच्या घरामागे भाड्याने घेतलेल्या छोट्या बागांची रांग आहे. इथे त्याला क्लाइनगार्टन म्हणतात. त्यातली एक बाग शेजारच्या आजींची. आमची मुले त्यांना ओमाच म्हणतात. विसर्जनानंतरच्या शनिवारी आई आणि आम्ही ते गवत हातात घेऊन त्यांच्याकडे गेलो. आजी बटाट्याचा वाफा खणत होत्या. आमच्या हातातली काडी पाहून त्या हसायलाच लागल्या. "हे तुम्ही देवाला वाहता? मी तीस वर्षं हिला शिव्या देतेय. ही क्वेके!"

त्यांनी मातीतून सुतळीसारखी, पांढरट-पिवळी, लांबच लांब मुळी ओढून दाखवली. तिला ठरावीक अंतरावर पेरे आणि टोकाला सुईसारखे अणकुचीदार अग्र. वाफ्याच्या एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघालेली. वाटेत आलेला एक बटाटाही तिने आरपार भोसकला होता. पण शिव्या देऊन झाल्यावर आजी म्हणाल्या की त्यांच्या आई हीच मुळी धुऊन, वाळवून, वसंत ऋतूत तिचा चहा करून घरातल्या सगळ्यांना पाजत. कशासाठी? तर रक्तशुद्धीसाठी.

आम्ही हे आईंना मराठीत सांगितले. त्या म्हणाल्या, "विचार त्यांना, लघवीच्या जळजळीवरही देत होत्या का?" आम्ही विचारले. आजींनी मान डोलावली. आई म्हणाल्या, "मग दूर्वेचंही तेच की!" वाईची एक आजी आणि हॉम्बुर्गची एक आजी, दोघींना एकमेकींचे अक्षर कळत नव्हते, आणि दोघी एकाच औषधाबद्दल बोलत होत्या. निदान आम्हाला तेव्हा तसे वाटले.

दोन गवते, दोन घराणी

घरी येऊन पुस्तके काढली, वाचनालयात जाऊन वनस्पतींचे कोश चाळले. दूर्वा आणि क्वेके ही दोन अगदी वेगळी गवते आहेत. आपली दूर्वा, म्हणजे शेतकऱ्यांची हरळी, हिचे शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. सायनोडॉन म्हणजे कुत्र्याचा दात आणि डॅक्टिलॉन म्हणजे बोट. जमिनीतल्या खोडावरचे तिचे कोंब दातासारखे टणक असतात आणि तुरा हाताच्या बोटांसारखा पसरतो. जर्मन नावही तेच सांगते: हुंड्सत्सानग्रास, कुत्र्याच्या दाताचे गवत.

क्वेकेचे शास्त्रीय नाव एलिमस रेपेन्स. ही गव्हाच्या नात्यातली. लिनेअसने १७५३ मध्ये तिला नाव दिले ते ट्रिटिकम रेपेन्स, म्हणजे रांगणारा गहू. तिची ओंबी पाहिली की हे नाव पटते. रोडावलेल्या, चपट्या गव्हासारखीच दिसते.

दूर्वा उन्हाची लेक. कडक उन्हात ती जोमाने पसरते आणि थंडी पडली की वाढ थांबते. दंव पडले की पाने पिवळी-तपकिरी होतात. म्हणूनच टाउनुसच्या पायथ्याशी ती सहसा दिसत नाही. जर्मनीत ती आढळते ती मुख्यतः ऱ्हाइनच्या उबदार खोऱ्यासारख्या भागांत. क्वेके मात्र थंडीला दाद देत नाही.

चिवटपणात दोघी सारख्याच. एक पेरे मातीत राहिले तरी त्यातून नवे गवत उभे राहते. म्हणून इथे यंत्राने माती घुसळली की क्वेकेचे तुकडे होऊन ती दहापट वाढते, आणि आपल्याकडे हरळी माजलेले शेत पाहून शेतकरी कपाळाला हात लावतो. दोन्ही भाषांनी हा चिवटपणा नावातच धरून ठेवला आहे. क्वेके हा शब्द ज्या जुन्या जर्मन शब्दावरून आला त्याचा अर्थ जिवंत. पाऱ्याला जर्मन भाषेत क्वेकझिल्बर, म्हणजे जिवंत चांदी म्हणतात, त्यातलाच हा क्वेक. मुलांना हे सांगा, त्यांना मजा वाटते. आणि दूर्वेची आपल्या निघंटूंतली नावे पाहा: रुहा, म्हणजे पुन्हा पुन्हा उगवणारी, अनंता, म्हणजे जिला अंत नाही ती, शतपर्विका, म्हणजे शंभर पेरांची.

आपल्याकडचे उपयोग

दूर्वा गणपतीला का, याची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली आहे. अनलासुराला गिळल्यावर बाप्पाच्या अंगाचा दाह होऊ लागला, काही केल्या शमेना. शेवटी ऋषींनी मस्तकावर एकवीस एकवीस दूर्वा ठेवल्या तेव्हा तो शांत झाला. ही गोष्ट म्हणजे दूर्वेचा गुणधर्मच आहे. आयुर्वेदात दूर्वा शीतल, चवीला तुरट-गोड आणि दाह शमवणारी मानली जाते. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात नीलदूर्वा, श्वेतदूर्वा आणि गंडदूर्वा असे तिचे तीन प्रकार दिले आहेत. रक्तपित्त, म्हणजे शरीरातून कुठूनही होणारा रक्तस्राव, तसेच तहान, दाह आणि त्वचेचे विकार यांवर ती सांगितली आहे.

घराघरांतले उपयोग याच धाग्यातले. उन्हाळ्यात घोणा फुटला की ताज्या दूर्वांचा रस नाकात दोन थेंब. घामोळ्यांवर आणि खाजेवर दूर्वा आणि हळद वाटून लेप. शेतात विळा लागला की चुरगळलेली हरळी जखमेवर दाबून धरायची. लघवीला जळजळ झाली की मुळांचा काढा. आईंनी हे सगळे एका दमात सांगितले. आमच्यापैकी कुणीही ते याआधी त्यांना विचारले नव्हते, याची आम्हाला जरा लाजच वाटली.

आजच्या विज्ञानाचे म्हणाल, तर दूर्वेच्या अर्कावर प्रयोगशाळेत आणि उंदरांवर बरेच प्रयोग झाले आहेत: जखम भरणे, रक्तातली साखर वगैरे. पण माणसांवरचे मोठे, नीट आखलेले प्रयोग फार थोडे आहेत. तेव्हा मधुमेहाच्या गोळ्या बंद करून दूर्वांचा रस, असले काही कुणी सुचवले तर कानाआड करावे.

इथले उपयोग

युरोपातला इतिहासही थोडाथोडका नाही. पहिल्या शतकातल्या डायोस्कोरिडीस या ग्रीक वैद्याने ॲग्रोस्टिस नावाच्या गवताची मुळी जखमांवर, लघवीच्या अडथळ्यावर आणि मूतखड्यावर सांगितली आहे. हे ॲग्रोस्टिस म्हणजे आपली दूर्वाच असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. पुढे औषधांच्या दुकानांत ग्रामिनिस या एकाच नावाखाली दोन मुळ्या विकल्या जात. उत्तरेकडे क्वेकेची, दक्षिणेकडे दूर्वेची. फ्रेंच लोक आजही दोघींना एकाच आडनावाने ओळखतात: क्वेके ती धाकटी शियाँदाँ आणि दूर्वा ती थोरली शियाँदाँ. त्याचाही अर्थ कुत्र्याचा दात. म्हणजे त्या दिवशी बागेत दोन आजींना जे सारखे वाटले, ते युरोपातल्या औषधवाल्यांनाही शतकानुशतके सारखेच वाटत होते.

क्वेकेच्या मुळीत ट्रिटिसिन नावाची साखरेच्या जातीची शर्करा असते, म्हणून ती चघळली तर गोडसर लागते. दुष्काळात ती दळून पिठात मिसळत, भाजून कॉफीऐवजीही पीत. जर्मनीत वनौषधी तपासण्यासाठी नेमलेल्या तज्ज्ञांच्या समितीने, कमिसिओन ई हिने, १९९० मध्ये या मुळीला मान्यता दिली. मूत्रमार्गाच्या दाहात लघवीचे प्रमाण वाढवण्यासाठी आणि मूत्रपिंडात खर साचू नये म्हणून. मात्रा दिवसाला ६ ते ९ ग्रॅम वाळलेली मुळी. पुढे २०११ मध्ये युरोपीय औषध संस्थेच्या वनौषधी समितीनेही मूत्रमार्गाच्या किरकोळ तक्रारींत पूरक म्हणून तिचा वापर नोंदवला. पण ही मान्यता दीर्घकाळच्या वापरावर आधारलेली आहे, मोठ्या प्रयोगांवर नाही, हे लक्षात ठेवावे.

या उपचारात अर्धे औषध म्हणजे पाणीच. मुळीचा चहा आणि सोबत भरपूर पाणी पिऊन मूत्रमार्ग धुऊन काढायचा, ही खरी कल्पना. पाणी पिऊन बरे व्हायचे, हे आपल्या गावाला नवीन नाही. एलिझाबेथेनब्रुनेन हा झरा १८३४ मध्ये सापडला आणि त्यावर हे गाव मोठे झाले. १९१२ मध्ये नावाआधी बाड लागले ते त्याच पुण्याईवर. १९०७ मध्ये सयामचे राजे चुलालोंगकोर्न इथे उपचारासाठी आले आणि कृतज्ञता म्हणून त्यांनी दिलेला मंडप कुरपार्कमध्ये आजही आहे. पाहुणे आले की आपण त्यांना तिथे फोटो काढायला नेतोच.

आमची चूक

आता जरा अवघड गोष्ट. आजींचे ऐकून आम्ही उत्साहाने क्वेकेची मुळी धुऊन वाळवून ठेवली. नोव्हेंबरमध्ये आमच्यापैकी एकीला लघवीला जळजळ सुरू झाली. डॉक्टरकडे जायचे तर रजा घ्या, दवाखान्यात ताटकळत बसा. त्यापेक्षा घरचे औषध आहेच, असे म्हणून चार दिवस चहा प्यायलो. पहिले दोन दिवस बरे वाटले. तिसऱ्या दिवशी पाठीत एका बाजूला दुखू लागले, चौथ्या रात्री थंडी वाजून ताप भरला. पहाटे दवाखाना गाठला. जंतुसंसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोचला होता. प्रतिजैविके सुरू झाली, आठवड्याने माणूस सावरले.

डॉक्टरबाई चहाला हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "चहा प्या की. पण चहा गुण देईल म्हणून वाट पाहत बसू नका." आईंना फोनवर सांगितले तेव्हा त्याही रागावल्या. "आमच्या वेळी वैद्य दोन कोसांवर होते म्हणून आम्ही काढे करत होतो. तुमचा डॉक्टर तर बसच्या दोन थांब्यांवर आहे!" यावर बोलायला काही उरले नाही.

म्हणून हे पान कापून फ्रीजवर लावून ठेवावे:

१. ताप, थंडी, पाठीत किंवा कुशीत दुखणे, लघवीतून रक्त यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. गर्भवती, लहान मुले, पुरुष आणि मधुमेही यांनी तर साध्या जळजळीलाही डॉक्टरांना दाखवावे.

२. हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असल्यामुळे अंगावर सूज असेल, तर भरपूर पाणी पिऊन धुण्याचा हा उपचार करूच नये. आपल्याकडे राहायला आलेल्या आई-वडिलांच्या बाबतीत हे विशेष सांभाळावे.

३. चहा घ्यायचाच तर मुळी अपोथेकेतून आणावी. क्वेकेनवुर्त्सेल म्हटले की समजते. रस्त्याकडेची, कुत्री फिरवण्याच्या वाटेवरची किंवा फवारणी झालेल्या शेताच्या बांधावरची खणू नये.

४. मुलांचा घोणा फुटला तर नाकात कुठल्याही गवताचा रस घालू नये. मूल बसवावे, डोके पुढे झुकवावे, नाकाचा मऊ भाग दहा मिनिटे दाबून धरावा. रक्त थांबत नसेल तर डॉक्टर.

ओळखावे कसे?

आईंनी आम्हाला शिकवले ते असे. गवत उपटण्याआधी खाली वाकून पाहायचे. दूर्वा जमिनीवरून सरपटते, पेरापेराला मुळे सोडते आणि ठेंगणी असते. तिच्या दांडीच्या टोकाला एकाच बिंदूतून साधारण तीन ते सात बारीक बोटे फुटतात. पान जिथे दांडीला जुळते तिथे केसांची बारीक झालर असते. क्वेके गुडघ्याच्या वर जाते, तिची खोडे फक्त जमिनीखालून पळतात, आणि तिला बोटे नसतात, एकच ओंबी असते. पानाच्या बुडाशी दोन इवल्या नख्या दांडीला मिठी मारतात.

आणखी एक ठकवणारे गवत आहे. उन्हाळ्यात फरशांच्या फटींत बोटांचा तुरा असलेले गवत उगवते ते फिंगरहिर्जे. ते दूर्वेसारखे दिसते, पण एका वर्षाचे असते. उपटले की सगळे हातात येते, खाली दोरीसारखे खोड नसते. आणि क्वेकेच्या ओंबीत काळे-जांभळे, शिंगासारखे दाणे दिसले तर हात लावू नये. ती विषारी बुरशी आहे, राय धान्यावर पडते तीच.

किर्डोर्फच्या माळावर फिरताना मुलांना हा खेळ लावा: कोण आधी क्वेके ओळखतो? इथल्या निसर्गसंरक्षण कायद्याने रानातली गवते आणि औषधी वनस्पती स्वतःपुरत्या, अगदी थोड्या तोडायला मुभा आहे. संरक्षित जागा, बागा आणि दुसऱ्याची शेते मात्र वर्ज्य. घरी आल्यावर अंगावर गोचीड, म्हणजे त्सेके, चिकटली नाही ना, हे गुडघ्यामागे आणि काखेत तपासावे. बोरेलिओजचा धोका खरा आहे.

दूर्वा हव्यातच, तर

काही मंडळी भारतातून येताना दूर्वांची जुडी ओल्या फडक्यात गुंडाळून आणतात. १४ डिसेंबर २०१९ पासून युरोपात ताजी वनस्पती आणायला तिच्या आरोग्याचा सरकारी दाखला लागतो. सूट आहे ती अननस, केळी, नारळ, खजूर आणि दुरियान एवढ्याच फळांना. तेव्हा विमानतळावर पंचाईत करून घेऊ नये.

सोपा उपाय म्हणजे कुंडी. दूर्वेचे बी इथे बेर्मुडाग्रास या नावाने मिळते. पाकिटावर सायनोडॉन डॅक्टिलॉन लिहिले आहे ना, एवढे पाहावे. मे महिन्यात, हवा उबदार झाली की, पसरट कुंडीत पेरावे, माती ओलसर ठेवावी, कुंडी भरपूर उन्हात ठेवावी. दोन-तीन आठवड्यांत कोंब येतात आणि भाद्रपदापर्यंत जुडीपुरत्या दूर्वा होतात. ऑक्टोबरात कुंडी घरात, खिडकीपाशी घ्यावी. वाफ्यात मात्र लावू नये, नाहीतर शेजारच्या आजी आपल्यालाही शिव्या देतील.

आम्ही यंदा मेमध्ये पेरले. आईंनी फोनवर मुलांकडून पेरे मोजून घेतले, बोटे मोजून घेतली, केसांची झालर आहे का ते विचारले, आणि मगच "हो, हीच" म्हणाल्या. गणपतीला पाच-सहा घरांना पुरतील एवढ्या जुड्या निघतील. ज्यांना हव्यात त्यांनी चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी यावे. ओमांनाही तीर्थप्रसादाला बोलावले आहे.

आणि एक विनंती. आपल्याकडे आई-वडील, सासू-सासरे उन्हाळ्यात येतात. त्यांना घेऊन एकदा बागेत बसा आणि विचारा: तुमच्याकडे या गवताला काय म्हणत, कशावर देत, आणि ओळखत कसे? मिळेल ते लिहून मंडळाकडे पाठवा. सगळे मिळून पुढच्या अंकात छापू.